पटुका वाळेपर्यंत

गाठ अजून ओलीच असणार. कमरेला गुंडाळायच्या पटुक्याच्या टोकाला बोराएवढी गाठ, आत बहुधा लवंगा, वासावरून तसं वाटत होतं... पण ती सोडायची नाही, जशी आहे तशी लिहायची. देउसरानं वहीत 'टोकाला एक गाठ, न सोडलेली' असं लिहिलं आणि पुन्हा स्टुलावर बसली. हातमोज्यातून ओल कळत नाही. कापड ओलं असलं की सरळ, जड लोंबतं. वाळलं की दार उघडल्याबरोबर त्याची खालची कड हलते. सकाळपासून तीन वेळा दार उघडलं होतं, कड हलली नव्हती.

खोलीत पंखा नाही, शेगडी नाही, खिडकीला पडदा. ऊन लागू द्यायचं नाही, गरम हवा लागू द्यायची नाही. खाली पांढरा कागद, दोरीवर पटुका, आणि कापड उघडं आहे तोवर खोली सोडायची नाही — चहासाठीसुद्धा नाही. जिल्हा इस्पितळातल्या, अत्याचार झालेल्या बायकांच्या या मदत केंद्रात नर्स म्हणून तिला सहा वर्षं झाली होती, आणि या बसून राहण्याचा तिला कधी कंटाळा आला नाही. कंटाळा परवडला असता, असं मात्र कधीकधी वाटायचं.

पटुका जिचा, ती तुलसा पलीकडच्या खोलीत केंद्राचा स्वेटर घालून पडली होती. सकाळी तपासणीच्या वेळी देउसरा प्रत्येक गोष्टीआधी विचारत होती — आता हे करू का, नको म्हणालीस तर थांबते — आणि तुलसानं दोनदा नको म्हटलं, दोनदा देउसरा खरोखरच थांबली. तिसऱ्यांदा तुलसा स्वतःच म्हणाली, "करा दिदी. होऊन जाऊ दे." मग कपड्यांचं विचारलं, तर अंगातला चोलो, नेसायची फरिया, सगळं धुतलेलं. सासूनं काल तिला ऊन ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं होतं, कपडे राखेनं चोळून काढले होते, आणि मग आज सकाळी घेऊन आली होती. पटुका तेवढा राहिला. थंडीत एवढं लांब कापड वाळत नाही म्हणून तिनं तो न धुता तसाच कुंपणावर टाकला, आणि रात्रभर त्यावर दव पडलं.

दाराबाहेर बूट वाजले. पोलीस जवान खड्के.

"दिदी, झालं का? जीप दोनला सुटते."

"नाही झालं, भाइ."

"कापडच आहे ना? प्लॅस्टिकमध्ये घाला. तिकडे लॅबवाले वाळवतील, त्यांना तरी दुसरं काय काम असतं?"

"तुझी ओली बनियन तीन दिवस पिशवीत कोंडून ठेव, मग ये मला शिकवायला."

"साहेब मला बोलतील हो."

"मला बोलू देत. नर्सनं दिलं नाही म्हणून लिही. उद्या सकाळच्या जीपनं ने."

बूट परत गेले. देउसराला मात्र मागचं आठवलं.

'प्लॅस्टिकमध्ये घाला', हेच वाक्य... चार वर्षांपूर्वीचा माघ, दुसरा जवान, दुसरी जीप, आणि मी सव्वीस वर्षांची, कुणी दारात उभं राहून घाई केली की घाबरणारी. तुलसासारख्याच आलेल्या जसमतीच्या चोलोचं कोपर अजून दमट होतं. मला दिसत होतं. मी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, लाखेचं सील केलं, सही केली. सात महिन्यांनी पत्र आलं — बुरशी, तपासणी अशक्य — ते मी फायलीत लावलं. तिच्यावर हात टाकणारा माणूस सुटला. भाताची गिरण चालवतो. जसमतीला एवढंच कळलं की पुरावा पुरला नाही. त्यानंतर एकदा बाजारात भेटली तेव्हा ती हळूच म्हणाली होती, "दिदी, मलाच कोर्टात नीट सांगता आलं नाही." आणि मी काय म्हणाले? म्हणाले, थंडी फार पडलीय यंदा.

तेव्हापासून देउसरा बाजार टाळून वरच्या वाटेनं घरी जाते.

"पोरी..." तुलसाची सासू बाहेरच्या बाकावरून उठून दाराशी आली होती. उंबरा तिनं ओलांडला नाही. सकाळी सांगितलेलं लक्षात ठेवलं होतं. "मी धुतलं म्हणून सगळं बुडालं का गं?"

"सगळं नाही, आमा. बरंच गेलं. हा आहे अजून."

"काकडत होती. बोलेना, रडेना. मग मी पाणी तापवलं. दुसरं काय करतं माणूस?"

"मीही तेच केलं असतं."

म्हातारी पटुक्याकडे बघत राहिली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तिला सांगू नकोस. धुण्यानं गेलं, हे. मुलगा कतारला. मला तीच एक आहे घरात."

किती सोपं होतं हो म्हणणं. देउसराला त्या बाईची इतकी दया आली की हो अगदी ओठावर आलं.

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. उद्या कोर्टात काही उणं पडलं ना आमा, तर ती म्हणेल, माझंच चुकलं. मलाच बोलता आलं नाही. आणि जन्मभर तेच म्हणत राहील."

"तुला काय ठाऊक?"

"ठाऊक आहे."

म्हातारीनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. पदरानं नाक पुसून ती पलीकडच्या खोलीत गेली. भिंतीआडून तिचं पुटपुटणं ऐकू येऊ लागलं, अडखळत, मध्येच थांबत... मग शांतता, इतकी लांब की देउसराला स्टुलावरून उठावंसं वाटलं, पण उठायचं नव्हतं. मग तुलसाचा आवाज. शब्द कळले नाहीत. रागाचा होता की रडण्याचा, तेही कळलं नाही. पण म्हातारी बाहेर आली नाही.

बाजारात जसमतीचं लोकरीचं दुकान रोज सहाला बंद व्हायचं. ही वेळ देउसराला घरच्यासारखी पाठ होती, आणि आजवर ती फक्त चुकवण्यासाठी. आता ती घड्याळाकडे बघत होती. पटुका पाचपर्यंत वाळावा, म्हणजे जसमतीला त्या दमट कोपराचं आजच सांगता येईल, असं तिला वाटलं, आणि वाळू नये असंही वाटलं, दोन्ही सारखंच.