दोनशे सतरा नंबर आणि मिटलेले डोळे

मित्रांनो, मी एक जुना नंबरफलक आहे. काळी पेटी, पुढे काच आणि काचेमागे लाल दिव्यांचे तीन आकडे, एवढाच माझा संसार. नऊशे नव्व्याण्णवपर्यंत काहीही दाखवायला सांगा, दाखवीन. त्यापलीकडे मला वाचा नाही. आणि स्वभाव म्हणाल तर मुलखाचा काळजीखोर. मी भिंतीला आणि जीव टांगणीला, असेच माझे आयुष्य गेले.

कारखान्यातून निघालो तो थेट दातांच्या दवाखान्यात लागलो. तिथे मी पेटलो की माणसांचे चेहरे पांढरे पडत. पुढे दवाखान्याने बोलणारे यंत्र आणले आणि मी दोन वर्षे माळ्यावर धूळ खाल्ली. तिथून मला एका इलेक्ट्रिशियनने उचलले. तो एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, जात असे; त्याने मला तिथे नेऊन बसवले.

ती मंडळी सुरू झाली तेव्हा मी नव्हतो, पण ती गोष्ट ऐकून ऐकून मला पाठ झाली आहे. एका मेकॅनिकच्या गॅरेजात, रविवारी गाड्या बाहेर काढून, तेलाच्या डागांवर सतरंजी टाकून अकरा माणसे बसत. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, तेव्हा तरुण होते. उपदेश चालू असताना कोणाचे मूल रडले, तर त्याला कडेवर घेऊन ते पुढचे वचन वाचत. हळूहळू गॅरेज पुरेना, म्हणून फर्निचरचे बंद गोदाम घेतले. तेही पुरेना. आता चार हजार खुर्च्यांचे सभागृह आहे. गाड्या नीट लावून घ्यायलाच तीस स्वयंसेवक लागतात. मंगळवारी व्यसन सोडणाऱ्यांचा गट बसतो, शनिवारी धान्याची पाकिटे भरतात, कैद्यांना पत्रे लिहिणाऱ्या बायका तर कधीही येऊन बसतात. रविवारी पुढच्या उजव्या कोपऱ्यात कर्णबधिरांची एक रांग असते. दुभाषी बाई त्यांच्यासमोर उभी राहून सगळी उपासना हातांनी सांगते.

आता चार हजारांची मुले पाळकांच्या कडेवर कशी मावणार? ती बसतात आवाराच्या पलीकडच्या इमारतीत, बालकक्षात. मूल सोडताना आईबापांना एक नंबर मिळतो. मूल पडले, तापले, रडून लाल झाले की तिथली ताई बटण दाबते आणि मंचामागच्या भिंतीवर मी तो नंबर दाखवतो. फोन सगळ्यांचे बंद असतात, त्यामुळे सगळी भिस्त माझ्यावर. एकदा एका सुताराचा मुलगा बाकावर आपटला. मी पेटलो आणि सुतार तीन उड्यांत बाहेर! त्या दिवशी पाळकांनी माझे कौतुक केले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग दोन अवाढव्य पडदे आले, त्यांवर गाण्यांचे शब्द झळकू लागले आणि माझी काच पुसायचे कोणाच्या ध्यानात राहिले नाही. पण मी रुसलो नाही हो. मला भीती एकच होती. मी पेटलो आणि कोणी पाहिलेच नाही तर?

माझ्याकडे टक लावून बघणारी एक आई मात्र होती. टपालवाटपाचे काम करायची. तिची मुलगी तीन वर्षांची, दम्याची. नंबर ठरलेला, दोनशे सतरा. दर दोन मिनिटांनी बाईची मान वर. बायकांच्या गटातल्या मोठ्या वहिनींनी तिला एकदा हसत हसत टोकले, "अगं, देवाला भेटायला येतेस की त्या पाटीला? पोर त्याच्या हाती सोपवलीस ना? मग एक दिवस तरी डोळे मिटून बस की!" सगळ्या हसल्या. तीही हसली, पण ते तिच्या मनाला लागले. आपला विश्वासच कमी पडतो, असे तिला वाटले.

पुढच्या रविवारी तिने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. नेमके त्याच दिवशी बसमधून उतरताना तिने मुलीला दम्याच्या पंपाचे दोन फवारे दिले होते आणि घाईत पंप मुलीच्या पिशवीऐवजी स्वतःच्या पर्समध्ये टाकला होता.

उपदेश संपला. दिवे मंद झाले. पाळक म्हणाले, "सर्वांनी डोळे मिटा. कोणीही इकडेतिकडे बघू नका. ज्याला आज प्रभूकडे यायचंय, त्यानं फक्त हात वर करावा." लाजाळू माणसाला संकोच वाटू नये, म्हणून ही तिथली रीत.

आणि मी पेटलो. दोनशे सतरा.

चार हजार माणसे आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले! वादकांचे मिटलेले, दारावरच्या स्वयंसेवकांचे मिटलेले. मंचावर उघडे होते ते फक्त पाळकांचे, पण त्यांची माझ्याकडे पाठ. नंबर एकदा विझला. पुन्हा पेटला. ताई दुसऱ्यांदा बटण दाबते, तेव्हा प्रकरण साधे नसते. मग तिसऱ्यांदा! पाचव्या रांगेत ती आई डोळे घट्ट मिटून ओठ हलवत होती. मांडीवर पर्स, पर्समध्ये पंप. अहो, बघा ना! बाई, एकदा तरी बघा! पण मला कुठला आवाज?

तेवढ्यात कोपऱ्यातला एक शिंपी उठला. कर्णबधिरांच्या रांगेत कोणीच डोळे मिटत नाही, मिटले तर त्यांना प्रार्थना कळणार कशी? त्याने हात उंच केला आणि माझ्याकडे बोट दाखवले. दुभाषी बाईला वाटले, हा प्रभूकडे येतोय. तिचे डोळे भरून आले आणि ती ते पुसत राहिली. पाळकही गहिवरून म्हणाले, "आमेन, दादा! तुमचा हात मी पाहिला." शिंपी जोरजोरात मान हलवू लागला, दोन्ही हात नाचवू लागला. पाळक म्हणाले, "आमेन! आमेन!"

कपाळाला हात लावावा, तर मला हातही नाहीत.

त्या शिंप्याला आपल्या आवाजाची फार लाज वाटे. लहानपणी लोक हसले होते, तेव्हापासून त्याने तोंडातून आवाज काढला नव्हता. त्या दिवशी तो छाती फुटेल असा ओरडला. "आ... आ... आ!"

चार हजार माणसांचे डोळे एकदम उघडले. आईचेही. तिने मला पाहिले मात्र, पर्स कवटाळून ती धावत सुटली.

थोड्या वेळाने माझे आकडे विझले. मित्रांनो, नंबर कायमचा विझतो तेव्हा त्याचे दोनच अर्थ असतात. आई पोहोचली, किंवा आता बोलावून उपयोग नाही. यातला कोणता, ते मला कोण सांगणार? प्रार्थना तिथेच थांबली होती. सगळ्यांच्या माना मागच्या दाराकडे वळल्या होत्या. अशी दहा मिनिटे शत्रूलाही मिळू नयेत.

मग मागचे दार उघडले. आईच्या कडेवर मुलगी होती. ओठ अजून फिकट होते, पण श्वास आता नीट चालला होता. पाळक मंचावरून खाली उतरले. शिंपी तोंडावर हात दाबून बसला होता. दुभाषी बाई म्हणाली, "ते माफी मागतायत. प्रार्थना मोडली म्हणतायत." पाळकांनी शिंप्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले.

मोठ्या वहिनी रडत आईजवळ आल्या. "माझ्यामुळं झालं गं हे. मीच बोलले तुला."

"हो वहिनी, तुमचं चुकलंच," आई म्हणाली. "पण आता एक करा. पुढच्या रविवारी माझ्याशेजारी बसा. मी डोळे मिटीन, तुम्ही पाटीकडे बघा."

तेव्हापासून वहिनी तिच्याशेजारी बसतात. सगळे डोळे मिटतात, त्या मिटत नाहीत. पापणीही न लववता त्या माझ्याकडे बघत असतात, आणि त्यांचेही ओठ हलत असतात.

मित्रांनो, माझी काच पुसली नाहीत तरी चालेल. पण तुमच्या भरवशावर कोणी डोळे मिटले असतील, तर तेवढा वेळ तुमचे उघडे ठेवा.