तेलापुरती जागा

देवीच्या गोंधळात पुढं उभं राहणाऱ्याचं नाव होतं. पाठीमागच्याचं काय होतं? घसा बसतो, दुसरं काय! पण धनाजी उगलेला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. थोरला भाऊ मच्छिंद्र, धनाजीचा अण्णा, गळ्यात कवड्यांच्या माळा घालून पुढं उभा राहायचा आणि धनाजी त्याच्या उजव्या खांद्यामागं तुणतुणं घेऊन. मच्छिंद्रनं ओळ टाकली की यानं कानावर हात ठेवून तिच्या शेवटाला ‘जी जी रं जी’ अशी झील ओढायची. पोरवयापासून तेच काम. आष्टी तालुक्यात कुणाच्या घरी लग्न झालं की लोक म्हणायचे, गोंधळाला उगले बंधूंना सांगा. बंधू म्हणजे दोघं, एवढं ध्यानात ठेवा. पुढचा सगळा रुसवा त्यावरूनच आहे.

धनाजीच्या झिलेत एक खोड होती. शेवटचा ‘जी’ तो अर्ध्यातच तोडायचा. दम कमी होता म्हणाल तर तसं नव्हे. दिवटीवर तेल घालायचं कामही त्याच्याकडंच असायचं. मच्छिंद्रची पुढची ओळ सुरू व्हायच्या आत खाली वाकायचं, बुधलीतून तेलाची धार सोडायची आणि परत सरळ व्हायचं. तेवढ्या सवडीसाठी ‘जी’ गिळावा लागायचा. मच्छिंद्र घरी आल्यावर कावायचा, “अरे, आईच्या दारात तरी पुरता जी दे की! उरलेला घरी कुणासाठी ठेवतोस?” धनाजी म्हणायचा, “मग तेल तू घाल.” भांडण तिथंच मिटायचं, कारण तेल घालायला मच्छिंद्रचे गुडघे वाकत नव्हते.

अशा माणसाला कतारमध्ये बस चालवायला कुणी आणलं? संसारानं आणलं. लग्नसराई सरली की गोंधळ्याला कोण विचारतो? धनाजीकडं जड गाडीचं लायसन होतं. तो आला आणि आधी दुखानच्या तेलकंपनीतली माणसं नेण्या-आणण्याला लागला. ते दिवस बरे होते. गाडीत माणसं असायची, कुणी घोरायचं, कुणी बायकोशी फोनवर भांडायचं. मग वर्ल्डकप जवळ आला आणि त्याला नव्या कोऱ्या बसवर टाकलं. काम काय, तर तालीम! स्टेडियमच्या रस्त्यानं रिकामी बस न्यायची, प्रत्येक स्टॉपला थांबायचं, दार उघडायचं, ठरलेला वेळ थांबायचं, दार लावायचं, पुढं निघायचं. चढायला कुणी नाही, उतरायला कुणी नाही. सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. आरशात बघितलं की पाठीमागं नुसत्या सीटा दिसायच्या. जो माणूस जन्मभर कुणाच्या तरी पाठीमागं उभा राहिला, त्याच्या पाठीमागं आता कुणीच नव्हतं आणि पुढंही कुणी नव्हतं.

ऐन उन्हाळ्यात मच्छिंद्रचा फोन आला. आवाजावरूनच कळत होतं की गडी हवेत आहे.

“धना, पुण्याची कंपनी नगरच्या स्टुडिओत आपला गोंधळ रेकॉर्ड करतीय! अल्बम निघणार, घटस्थापनेला. नवरात्रात रेडिओवर लावणार म्हणत्यात. तू ये.”

धनाजीला वाटलं, गाडी इथंच सोडावी आणि पळत सुटावं. आपला बाप रेडिओला कान लावून बसायचा. दुसऱ्यांचे गोंधळ ऐकून म्हणायचा, आपला असा कधी वाजायचा रे? बाप ते न ऐकताच गेला. आता वाजायची वेळ आली, तर झीलकरी समुद्रापलीकडं!

त्यानं सुपरवायझर अरुणकुमारला गाठलं. माणूस केरळचा, मनानं वाईट नव्हता. त्यानं आधी धनाजीला चहा पाजला आणि मग हात जोडले. “लीव्ह? अभी? भाई, सबका लीव्ह बंद है. मेरा भी. वर्ल्डकप के बाद, इन्शाल्ला.” भांडायचं तरी कुणाशी!

मग ठरलं की धनाजीनं तिकडून झील रेकॉर्ड करून पाठवायची, स्टुडिओवाला ती जोडून घेईल. कॅम्पात शांतता मिळणं शक्य नव्हतं, एका खोलीत सहा माणसं आणि सहांचे सहा फोन. शांत जागा एकच, रिकामी बस. फेऱ्यांच्या मधल्या सुट्टीत त्यानं दारं-खिडक्या बंद केल्या. एसी चालू ठेवला तर घरघर येते म्हणून एसीही बंद केला. बाहेर काय ऊन होतं, ते तिथं राहिलेल्यालाच विचारा! सदरा पिळून निघाला. एका कानात मच्छिंद्रची ओळ, दुसऱ्या कानावर हात, समोर सहकारी फजलचा फोन टेकवून ठेवलेला. धनाजीनं झील ओढली. दिवटी नव्हती, तेल नव्हतं, वाकायचं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा त्यानं शेवटचा ‘जी’ पुरता, काठापर्यंत दिला. अण्णा आता खूश होईल, असं त्याला वाटलं. फजल पेशावरकडचा, त्याला एक अक्षर कळलं नाही, पण दार उघडल्यावर तो म्हणाला, “वाह उस्ताद! अब एसी चला, वरना तेरा गाना तेरे जनाजे पे बजेगा.”

दोन दिवस जीव टांगणीला. मग मच्छिंद्रचा फोन आला आणि तो आधी नुसताच खाकरत राहिला.

“सूर बरोबर हाय, धना. स्टुडिओवालाबी म्हनला, एकदम क्लीन.”

“मग?”

“मग काय सांगू? मी कानाला लावून गायला लागलो, तर पाठीमागं कुणी उभं हाय असं वाटंना. माझी ओळच पडली. तीनदा पडली.”

“म्हणजे माझी झील नको.”

“तसं नव्हं रं. इथं कुणीतरी उभं पायजे, जित्तं माणूस. स्टुडिओची तारीख हातची जाईल. कंपनीवाला म्हनतो, कड्याच्या नारायणाला घ्या, आन नाव ‘मच्छिंद्र उगले आणि पार्टी’ करा.”

कड्याचा नारायण! शेजारच्या कडा गावचा, झीलकरी चांगला होता, हीच तर जळायची गोष्ट. धनाजीचा राग तसा नाकावरच असायचा.

“घे की नारायणाला! काढून टाक बंधू-बिंधू! खलास!” म्हणून त्यानं फोन ठेवला. आणि ठेवल्या क्षणापासून तो वाट बघत राहिला, की अण्णा उलट फोन करील आणि म्हणेल, नाही रे येड्या, तुझी जागा तुझीच. फोन आला नाही.

बायकोला, सत्यभामाला, रोज संध्याकाळी फोन व्हायचा. ती एरवी गावातल्या म्हशीपर्यंत सगळ्यांची खबर द्यायची. पण अल्बमचा विषय निघाला की तिचं दूध उतू जायचं, नाहीतर दाराशी कुणीतरी यायचं.

“नगरला गेले होते का सगळे? स्टुडिओत?”

“गेल्ते वाटतं. मीबी गेल्ते जाऊबाईंसंगं, डबा घेऊन.”

“नारायण होता?”

“आला होता. अहो थांबा, दूध गेलं!”

रोज कसं गं दूध उतू जातं? धनाजीनं ओळखलं. नारायण गायला आणि ही मला सांगायला धजत नाही. त्यानं नंतर विचारलंच नाही. पण बस चालवताना तोंडातल्या तोंडात झील यायची. एकदा तर समैस्माच्या फाट्याला दार उघडून तो ठरलेल्यापेक्षा जास्तच थांबला. कुणीतरी चढेल असं वाटलं, असं नंतर फजलला म्हणाला. कोण चढणार होतं तिथं!

नवरात्र बसलं. अल्बम निघाला. गावाकडच्या ग्रुपवर त्याची लिंक आली, वर फोटो फक्त देवीचा. धनाजीनं ती उघडली नाही. रेडिओवर शुक्रवारी लागणार, असंही कुणीतरी लिहिलं होतं. ऐकायचं नाही, असं त्यानं स्वतःला बजावलं. आणि शुक्रवारी तिकडच्या दुपारच्या वेळेला, म्हणजे इकडं सकाळीच, शेवटच्या स्टॉपला बस लावून त्यानं फोनवर रेडिओ लावला. माणसाचं असंच असतं, दुखऱ्या दाताला जीभ लागल्याशिवाय राहत नाही. फजलही आपली बस मागं लावून येऊन बसला होता. त्याला सांगितलं होतं, की भाईचं गाणं आहे.

आधी खतांची जाहिरात, मग हवामान. मग संबळ कडाडला आणि धनाजीच्या अंगावर सरसरून काटा आला. मच्छिंद्रनं ओळ टाकली, “आई, अंगण सारविलं, घट मांडिला दारी.” काय लागला होता आवाज! असा तो कितीतरी वर्षांत लागला नव्हता. धनाजीनं डोळे घट्ट मिटले. आता नारायण येणार.

झील आली. नारायण नव्हता. बाईचा आवाज होता तो! थोडा घाबरलेला, थोडा जाड, पण ओळीच्या शेवटाला नेमका चिकटलेला. ‘जी जी रं’ म्हणताना ‘रं’वर जी किंचित मुरड घालायची, ती धनाजीची होती. श्वास घ्यायची जागा धनाजीची होती. आणि शेवटचा ‘जी’ आला, चढला आणि अर्ध्यातच तुटला. मग बरोबर एका वाकण्याएवढी गप्प जागा, आणि मच्छिंद्रची पुढची ओळ.

“आयला!” धनाजी उठून उभाच राहिला.

“क्या हुआ?” फजल दचकला.

धनाजीनं हातानं त्याला गप्प केलं. प्रत्येक ओळीला तेच. ‘जी’ तुटायचा, जागा सुटायची. गोंधळ संपला आणि निवेदिका म्हणाली, “आष्टी तालुक्यातल्या उगले बंधूंचा हा गोंधळ आपण ऐकलात. गायन, मच्छिंद्र उगले. झील, सत्यभामा धनाजी उगले.”

त्यानं रेडिओ बंद केला आणि फोन लावला. तिकडं पहिल्या रिंगलाच उचलला गेला, म्हणजे तीही फोन धरूनच बसली होती.

“ऐकलंत?” सत्यभामा म्हणाली. “रागावलात का?”

“तू? अण्णाच्या मागं उभी राहिलीस?”

आता हे बाहेरच्याला नाही कळायचं. धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. लग्नापासून तिनं मच्छिंद्रसमोर डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नव्हता, त्याला चहासुद्धा जावेच्या हातून द्यायची.

“मग काय करू?” ती एका दमात सांगायला लागली. “नारायणभाऊ लई चांगलं गायले. पुरता जी दिला. आन अण्णांची ओळ पडली. परत पडली. मग अण्णा म्हनले, मिटवा, न्हाई जमत, बंधूच न्हाई तर कशाचा अल्बम. आन भाईर येऊन बसले हो भिताडाला टेकून, पोरासारखे रडायला लागले. मी दाराआड होते, डबा धरून. मला बघवंना. मी तिथनंच झील दिली, तुमच्यावानी. म्हटलं गप बसतील.”

“मग?”

“अण्णा वळले न्हाईत. डोळे पुसले आन बसल्या जागी पुढची ओळच टाकली! मग जाऊबाईंनी ढकललं मला आत. म्हनल्या, पाठीमागंच तर उभं ऱ्हायचंय, तुझं तोंड कुठं दिसतंय त्यांना. पदर घेऊनच गायले मी. तुम्हाला सांगायचं धाडस होईना. तुमची जागा घेतली म्हनाल.”

धनाजीनं दुसरंच विचारलं.

“आन शेवटचा जी का तोडलास? तिथं दिवटी होती का?”

“स्टुडिओत कुठली दिवटी? इस्तव लावू देत्यात व्हय!”

“मग? मी तेल घालायला तोडायचो, बाई.”

“ठाऊक हाय की मला,” सत्यभामा म्हणाली. “तो स्टुडिओवालाबी म्हनत होता, ताई, लांबवा. अण्णाच त्याला म्हनले, लांबवायचा न्हाई, ऱ्हाऊ दे तसाच. मी पुरता जी दिला, तर तुम्ही आल्यावर तेल कुठं घालनार?”

सीटवर बसून स्टिअरिंगवर डोकं टेकून धनाजी ढसाढसा रडला, आणि फोनवरची बाई “अहो, अहो” करत राहिली. फजलनं एकदा त्याच्याकडं, एकदा बाहेरच्या घड्याळाकडं पाहिलं, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “यल्ला उस्ताद, टाइम हो गया.”

फजल आपल्या बसकडं गेला. धनाजीनं नाक पुसलं, फोन ठेवला, दार लावलं आणि गाडी काढली. पुढच्या स्टॉपला कुणी नव्हतं. त्यानं दार उघडलं, एक हात कानावर ठेवला आणि रिकाम्या बसमध्ये झील ओढली. शेवटचा ‘जी’ अर्ध्यात तोडून तो उजवीकडं किंचित वाकला, सरळ झाला आणि दार लावून पुढं निघाला.