स्टिअरिंग हलकं झालं तेव्हा

नाथा भोईर अठरा वर्षं एकच जीप चालवत होता. बदलापूरच्या पुढे डांबरी रस्ता संपतो आणि तिथून डोंगराकडच्या करवंदवाडीला चार किलोमीटरची मातीची वाट जाते. वाडीच्या शाळेतल्या रिद्धीबाईंना सकाळी स्टेशनवरून शाळेत सोडायचं आणि दुपारी परत आणायचं, हे त्याचं रोजचं काम.

जीपचं स्टिअरिंग जड होतं. चाक दगडावर आदळलं की झटका थेट मनगटात यायचा. पण त्यातूनच नाथाला वाट कळायची. खाली मुरूम आहे की चिखल, चाक चाकोरीच्या कडेला घासतंय की मोकळं आहे, हे बघावं लागत नसे. यंदा मात्र त्याचा उजवा खांदा आखडला. हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, जड स्टिअरिंग बंद करा. मग मुलगी तेजस्वी त्याला उल्हासनगरला भूपेशच्या गॅरेजमध्ये घेऊन गेली आणि जीपला पॉवर स्टिअरिंग बसलं.

पहिल्याच दिवशी नाथाने बाईंना एका बोटाने जीप वळवून दाखवली. पण आठवड्याने म्हणाला, "बाई, हात सुखात हाय, पन खालचा काय कलत नाय."

रिद्धी हसली. "काका, झटके बंद झाले म्हणून तक्रार करताय?"

नाथाने नुसता गिअर बदलला.

श्रावणातल्या एका सकाळी वाटेवर ट्रॅक्टरने खोल चाकोऱ्या पाडून ठेवल्या होत्या. जीपची चाकं त्यांत उतरली. पुढे उजवीकडे शेताचा बांध होता, म्हणून नाथा आधीपासूनच स्टिअरिंग डावीकडे देत राहिला. ते अलगद फिरत होतं. जीप मात्र सरळच चालली होती. जुनं स्टिअरिंग असतं तर चाकोरीच्या भिंतीने चाक अडवलंय हे तळहाताला कळलं असतं आणि त्याने ते सरळ केलं असतं. आता चाकं पुरती डावीकडे वळून बसली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. चाकोरी संपून खडक लागला. चाकांनी पकड घेतली आणि जीपने एकदम डावीकडे उसळी मारली. नाथाने ब्रेक दाबला, स्टिअरिंग उलटं फिरवलं, पण तोवर ती ओघळीत कलंडली होती.

तो चिखलातून उठला. रिद्धी बाहेर फेकली गेली होती आणि तिचा पाय जीपच्या कडेखाली सापडला होता.

"काका, पाय," ती म्हणाली. "जरा उचला फक्त."

त्याने दोन्ही हात कडेखाली घातले. डाव्या हाताने पकड घेतली. उजव्या खांद्यात कळ गेली आणि बोटं आपोआप सुटली. पुन्हा घातले, पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्याने पाठ लावली, तर त्याचेच पाय चिखलात सरकले.

"नाय होत, बाई," तो म्हणाला. "मना नाय होत."

त्याचा फोन चिखलात गेला होता, मग तो वाटेवर जाऊन वाडीकडे तोंड करून ओरडत राहिला. अर्ध्या तासाने शाळेतल्या पोरांचा स्वयंपाक करणारी गंगू चार माणसं आणि बांबू घेऊन आली. त्यांनी जीप उचलली. ते उचलत असताना नाथा बाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता.

घोटा दोन ठिकाणी मोडला होता. ऑपरेशन झालं.

नाथा जीप घेऊन भूपेशकडे गेला. भूपेशने पंप पाहिला, जोड पाहिले, चक्कर मारून आला. "काका, गाडीत काहीच फॉल्ट नाही. पॉवर असंच असतं. प्रेशर कम करून देऊ का? थोडं जड होईल, पण खालचं कळेल."

त्याने प्रेशर कमी केलं. वाटेच्या पहिल्या दगडाळ वळणावर हाताला खरोखरच कळायला लागलं आणि दुसऱ्या वळणावर खांदा धरला. अर्ध्या वळणात जीप थांबली. तेजस्वीला फोन करून बोलवावं लागलं. दुसऱ्या दिवशी भूपेशने प्रेशर पुन्हा होतं तेवढं केलं.

नाथा अंबरनाथला रिद्धीच्या घरी भेटायला गेला. प्लास्टरमधला पाय उशीवर होता.

"माझं चुकलं, बाई," तो म्हणाला.

"काय चुकलं?"

"तेच तर कलत नाय. मी वलवीत होतो. चाकं आधीच वलली होती, मना समजला नाय."

तिने आत हाक मारून त्याच्यासाठी चहा मागवला. तो निघाला तेव्हा म्हणाली, "दिवाळीनंतर मी शाळेत जाईन. तेव्हा तुम्ही न्याल ना?"

नाथा चपला घालून पायऱ्या उतरला.

सध्या रिद्धीच्या जागी वेणूबाई म्हणून निवृत्तीला आलेल्या शिक्षिका येतात. नाथा त्यांना डांबर संपेपर्यंत नेतो. तिथे त्या चपला हातात घेऊन मातीच्या वाटेला लागतात. चार किलोमीटर चालायला त्यांना दीड तास लागतो. त्यांनी एकदाच विचारलं, "पुढे का नाही नेत?" तो म्हणाला, "नाय जमत." त्या वळणाआड जाईपर्यंत तो इंजिन बंद करून बसून राहतो.