एका टाचणीवर दोघे

"दुसरा पायही तेच सांगतोय," धाकटी म्हणाली.

ताईने मान वर केली नाही. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत डांबरगोळ्यांचा वास कोंडला होता. ती काचेच्या पेट्या एकावर एक रचत राहिली.

ताई फुलपाखरांच्या संग्रहाची प्रमुख. काही वर्षांपूर्वी, फुलपाखरं विकणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या मृत्यूनंतर आलेल्या जुन्या पेट्यांमध्ये तिला एक तपकिरी नर सापडला होता. पंख आणि त्यांवरचे डोळ्यांसारखे ठिपके, सगळं नेहमीच्या 'गवत्या' फुलपाखरासारखं. पण नराच्या पोटाच्या टोकाशी जो चिमट्यासारखा अवयव असतो, तो अगदी वेगळा. आणि तो अवयव तर जात ओळखण्याची पक्की खूण. ताईने नवी जात जाहीर केली. आई त्याच वर्षी गेली होती. तिचंच नाव दिलं. जगात त्या जातीचा तेवढा एकच नमुना.

धाकटी वरच्या मजल्यावर डीएनएचं काम करायची. सगळ्या तपकिरी फुलपाखरांचं वर्गीकरण ती नव्याने मांडत होती. बाकी सगळी आपापल्या जागी बसली, आईच्या नावाचं हे एकच बसेना. त्याच्या तपासलेल्या दोन्ही पायांचा डीएनए साध्या गवत्याचा निघाला होता.

"भेसळ," ताई म्हणाली. "तुझ्या टेबलावर गवत्याचे ढीगभर पाय पडलेले असतात. चिमटा नीट पुसला नसशील."

"दोन्ही वेळा नवा चिमटा होता. ताई, मला पोट तपासू दे."

"मी तपासलंय. पुन्हा हात लावला आणि मोडलं तर दुसरं कुठून आणशील?"

"नाही तपासलं तर मला लिहावं लागेल, की ही जात नाहीच."

"लिही की! आईचं नाव खोडायला तुझा हात धजत असेल, तर खुशाल लिही."

धाकटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आई माझीही होती," एवढंच म्हणून ती जिना चढून गेली.

मग घरात अबोला. जेवताना बाबा एकदा हिच्याकडे बघत, एकदा तिच्याकडे. "बाबा, तिला सांगा मीठ इकडे द्यायला," असे निरोप त्यांच्यामार्फत जाऊ लागले, तेव्हा ते वैतागले. "मी काय टपालखातं आहे? तुमचं काय ते एकदा मिटवा."

दुसऱ्या दिवशी ताई स्वतः पेटी घेऊन वर आली. "माझ्यासमोर कर. आणि मोडलंस तर गाठ माझ्याशी आहे."

धाकटीने पेटी उघडली. श्वासानेही पंख हलत होते, म्हणून तिने तोंडाला रुमाल बांधला. मायक्रोस्कोपखाली पोट जिथे छातीला जुळतं तिथे एक बारीक, पिवळसर, चकचकीत रेघ दिसली. तिने ब्रशने कोमट पाण्याचा थेंब सोडला. रेघ पांढुरकी झाली, फुगली. आणि पोट अलगद खाली आलं.

"मोडलंस!" ताईने तिचं मनगट धरलं.

"मोडलं नाही, सुटलं. तूच बघ."

ताईने मायक्रोस्कोपला डोळा लावला. मनगटावरची पकड हळूहळू सैल झाली.

"सरस आहे हा," ती म्हणाली. "चिकटवलंय मेल्याने. मोडक्या फुलपाखराला गिऱ्हाईक मिळत नाही ना!" ती स्टुलावर मटकन बसली. "म्हणजे इतकी वर्षं मी गवत्यालाच..."

"पंख गवत्याचे. पण ताई, पोट कुणाचं? असला चिमटा आपल्याला माहीत असलेल्या एकाही तपकिरी फुलपाखराला नाही."

ताई ताडकन उठली. दोघी धावतच खाली आल्या. ते पोट ज्याचं, ते धड शोधायला त्या व्यापाऱ्याच्या सगळ्या पेट्या पुन्हा निघाल्या. पोट नसलेला एकही नमुना त्यांत नव्हता. मग ताईला मोडक्या नमुन्यांचं कपाट आठवलं. तिथल्या एका खणात, पोट नसलेलं, जरा गडद तपकिरी फुलपाखरू पडलं होतं. त्याच्या ठिपक्यांना गवत्यासारखं पिवळं कडं नव्हतं. व्यापाऱ्याची चिठ्ठी अजून टाचणीला होती.

"हे मीच निकामी म्हणून इथे टाकलं," ताई पुटपुटली.

त्याचा एक पाय आणि सुटलेल्या पोटाचा कण तपासणीला गेला. निकाल येईपर्यंत ताईला कशातच लक्ष लागेना. सकाळ-दुपार ती वर चकरा मारायची आणि काही न विचारता परत जायची. शेवटी धाकटीच खाली आली.

"पाय आणि पोट एकाच फुलपाखराचं. आणि तो गवत्या नाही."

ताईने नामकरणाच्या नियमांचं पुस्तक उघडलं. "नियम असा, की नमुन्यात दोन जिवांचे तुकडे निघाले तर नाव त्यांतल्या एकाला ठेवता येतं. पोटाला ठेवलं तर..."

"ठेव. जात तू पोटावरूनच ओळखली होतीस. पण पंखांचं लपवायचं नाही."

"लपवते कशाला? पहिल्याच परिच्छेदात लिही. चूक माझी म्हणून लिही."

संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. निम्मं त्यांना कळलं नसावं. "म्हणजे तुमची आई सापडली की हरवली, तेवढं सांगा."

"सापडली, बाबा. पण भलत्याच कपाटात."

"मग तीच," बाबा म्हणाले. "स्वयंपाकघरात हाक मारावी, तर गच्चीवरून ओ द्यायची."

ताई हसायला गेली आणि रडली. धाकटीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

शोधनिबंध छापून आला, तेव्हा एका बड्या अभ्यासकाने भरसभेत ताईची टर उडवली. तिने ऐकून घेतली. जिवंत गडद तपकिरी फुलपाखरू शोधायला दोघी बहिणी आता गवताळ डोंगरावर जातात. अजून दिसलेलं नाही.