आकडेमहाराजांचं शून्य

उद्यमनगरातल्या बंद फौंड्रीच्या शेडमध्ये त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर भगवं कापड, कापडावर लोखंडी पेटी आणि पेटीच्या तोंडाशी काचेच्या नळ्यांत पेटणारे लालभडक आकडे. पेटीमागं आकडेमहाराज. रोग्यानं लाल वायरीचं टोक चिमटीत धरलं की नळ्यांत आकडा नाचू लागे आणि महाराज गर्जत, "पीडा सत्तावीस! मागल्या जन्माची धरून!" मग ते अंगारा उधळत, मंत्र पुटपुटत पेटीशी खुडबुड करीत आणि नळ्यांत तीन शून्यं उभी राहत. "गेली पीडा! आता औषध बंद. घेतलंस तर देवी रुसंल!" लोक हात जोडत. काही बहाद्दर तर पीडेचा आकडा संध्याकाळी मटक्याला लावत.

तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या पद्मजाबाईंनी पेटी दारातूनच ओळखली. प्रयोगशाळेतला डिजिटल मल्टिमीटर तो, विजेचा दाब आणि प्रवाह मोजणारा. एरवी त्या हसून परत गेल्या असत्या. पण त्यांना इथं बोलावून आणलं होतं शेजारच्या शालननं. तिचा नवरा कृष्णात दुसऱ्या एका फौंड्रीत साचे घालणारा मोल्डर, छातीत क्षय. महाराजांनी शून्य दाखवलं आणि या शहाण्यानं दवाखान्यातली इंजेक्शनं सोडली. आता खोकताना पुन्हा रक्त पडत होतं, तरी गडी शून्य बघायलाच रांगेत उभा.

"माझं ऐकतच न्हाईत, बाई," शालन रडकुंडीला आली होती. "पेटी खोटं बोलंल व्हय, म्हणत्यात."

कृष्णातची पाळी आली. आकडा नाचला, अंगारा उडाला, आणि त्या धुरळ्यात महाराजांनी बटण फिरवून लाल वायर एका भोकातून दुसऱ्यात खोचलेली पद्मजाबाईंनी नेमकी पाहिली. तीन शून्यं! कृष्णातचे डोळे भरून आले. ते पाहून पद्मजाबाईंचं डोकंच फिरलं. त्या तरातरा पुढं गेल्या.

"हात लावू नका. वायर आहे तिथंच राहू द्या. माझाही एक रोगी आहे." त्यांनी वर्गातल्या प्रयोगांच्या पिशवीतून टॉर्चचा सेल आणि बल्ब काढला. बल्ब सेलला लावला, लख्ख पेटला. मग वीज पेटीतून जाईल असा सेल, बल्ब आणि पेटी यांचा फेरा जोडला. बल्ब विझलेला, आकडा शून्य.

"बघा. पेटीतली वाटच तुटलीय, वीज पलीकडं जातच नाही. या भोकाला म्हशीची शेपटी बांधली तरी शून्यच येणार!"

"आणि आधीचा आकडा वो?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी वायर पहिल्या भोकात घातली, बटण मागं फिरवलं आणि टोक महाराजांच्याच हातात दिलं. एकतीस!

"आयला, महाराजास्नीच जास्त पीडा!" शेडभर हशा पिकला.

"वरच्या ट्यूबा बंद करा," बाई म्हणाल्या. ट्यूबा विझल्या आणि आकडा धपकन खाली आला. "भोवतालच्या वायरींतल्या विजेचा अंश अंगावर येतो. तोच पेटी दाखवते."

महाराज खवळले. "पेटी उघडून दाखव! भस्म हुशील! या आकारामला विचार!"

चेला आकाराम चाचरला. "उघडली हुती की, बाई. भित्तीवर फेकलो गेलो."

"विजेची पिन काढली होतीस?"

"न्हाय. चालूच हुती."

"मग ती देवी नव्हती. या नळ्यांना दीड-दोनशे व्होल्ट लागतात."

बाईंनी पिन काढून सगळ्यांना दिसेल अशी पाटावर ठेवली. बांगड्या उतरवल्या. थोडं थांबून झाकण खोललं, धक्का बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागं ठेवला. "पिन काढली तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती आधी काढायची." रेझिस्टर लावून ती उतरवली, स्वतःच्या काट्याच्या मीटरनं खात्री केली आणि मगच हात घातला. चिमट्यात आली काचेची नळकांडी, आतली तार जळालेली.

"फ्यूज उडालाय. एवढीच तुमची देवी."

"शिग्रेटची चांदी गुंडाळा की, चालतंय," एकजण म्हणाला.

"चालतंय, आणि पुढं माणूस जळतोय. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याचाच घालायचा." पिशवीतून तसाच फ्यूज काढून त्यांनी बसवला, झाकण लावलं, पिन घातली. वायर पुन्हा शून्याच्या भोकात घालून सेल, बल्ब जोडला. बल्ब पेटला, नळ्यांत आकडा उभा राहिला. शून्य कुठल्या कुठं गेलं.

"देवी निघून गेली!" महाराज ओरडले.

"जाऊ दे की," आकाराम म्हणाला. "तिनं मला फेकलं तवा कसा हाईस म्हणून कुठं इचारलं हुतं तुमी?"

कृष्णात मात्र त्या पेटलेल्या बल्बाकडं बघत राहिला. "बाई, मग माझं शून्य?"

"तुझं काही मोजलंच नव्हतं, कृष्णात. छातीतले जंतू ही पेटी जन्मात मोजणार नाही. त्याला थुंकी तपासावी लागते."

कृष्णातनं कपाळावरचा अंगारा बाहीनं पुसला. "शालन, दवाखान्याचा कागद कुठं हाय?"

"पदराला बांधलाय तवापासनं," ती म्हणाली आणि चारचौघांत ढसाढसा रडली.

तेव्हा मंडळी, कुणी शून्य दाखवून औषध बंद करायला सांगितलं, तर हात जोडू नका. आधी तोंड उघडा आणि विचारा, मोजलं काय, आणि कशानं? उत्तर देताना ज्याला अंगारा उधळावा लागतो, त्याच्याकडं उत्तर नाही.