चोळू नये

करंगळीच्या पेराएवढी ती औषधाची प्लास्टिकची नळी बेसिनच्या कडेवर आडवी पडलेली, टोक कापलेलं, आत एक थेंब अजून चिकटून राहिलेला — आणि तिला वाटलं, एवढंसं तर होतं, एवढ्याशाने काय होणार... काल संध्याकाळी हीच नळी तिने दिव्यासमोर धरून पाहिली होती, काही वाया जाऊ नये म्हणून दोन बोटांनी पिळली होती, आणि स्वतःशीच म्हणाली होती, झालं बाई, आता महिनाभर गोचिडांची कटकट नाही. गोचीड खरं तर एकच सापडली होती, कानाच्या पाळीत. पण एकीच्या मागे दहा असतात असा तिचा हिशेब, आणि तिच्या हिशेबात चूक काढायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

टेबलाखाली खरखर झाली. ती वाकली. कुत्रा भिंतीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसला होता, हनुवटीखालची फरशी लाळेने ओली झालेली, आणि त्याचा मागचा पाय मधूनच आपोआप उचलला जात होता, मानेपर्यंत पोचत नव्हता, हवेतच खाजवून खाली येत होता. मानेवरच्या केसांत लाल रेघ दिसत होती. "मामंजी," ती म्हणाली, "या बरं बाहेर. बघू द्या मला." आणि हात पुढे केला. कुत्र्याने ओठ वर उचलला. आवाज केला नाही, अंगावर यायचा आवही आणला नाही, नुसता ओठ उचलला, आणि त्याचे डोळे तिच्या तोंडाकडे नव्हतेच — हाताकडे होते. इतक्या वर्षांत त्याने तिला दात कधी दाखवले नव्हते. तिने हात मागे घेतला आणि उगाच गाऊनला पुसला.

मामंजी हे नाव नवऱ्याने ठेवलेलं. पिल्लू घरी आलं त्या दिवशी ताटलीपुढे बसून त्याने आधी घसा खाकरला, मग सगळ्यांकडे पाठ करून जेवायला सुरुवात केली, आणि नवरा हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला — "अगं, तुझे मामंजी परत आले बघ." सासरे हुबेहूब असेच जेवत. नाव चिकटलं ते चिकटलंच. कुत्र्याला अहोजाहो सुरू झालं, आणि मुलगी लग्न होऊन गेल्यावर तो एक विनोद दोघांना वर्षानुवर्षं पुरला. आता नवरा जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं. विनोदाला हसायला दुसरं माणूस लागतं हे तिला तेव्हा कुठं ठाऊक होतं. ती आपली नुसतं नाव घेत राहिली होती.

चूक कुठे झाली ते कळत नव्हतं, आणि तेच तिला जास्त छळत होतं. कारण काम तर तिने चोख केलं होतं. जन्म गेला होता दुसऱ्यांची डोकी धुण्यात आणि रंगवण्यात. आधी अंघोळ घातली, दोनदा शाम्पू लावून; अंग खडखडीत कोरडं केलं; मग पार्लरमधल्या टोकदार दांडीच्या कंगव्याने मानेपासून पाठीपर्यंत भांग पाडला, असा सरळ की पार्लरमधल्या पोरींना बोलावून दाखवावा; त्या भांगात थेंबाथेंबाने औषध सोडलं, आणि मग... मग बोटांनी चोळून जिरवलं, मुळापर्यंत, गोल गोल, जसं गिऱ्हाइकांच्या डोक्यात तेल जिरवते तसं. त्याने डोळे मिटून घेतले होते. म्हणजे तिला तसं वाटलं होतं. आता आठवायला गेलं तर डोळे मिटले होते की मान फिरवली होती, हे काही नक्की सांगता येईना.

जनावरांची डॉक्टर तिच्या मुलीपेक्षाही लहान दिसत होती. टॉवेलमध्ये गुंडाळून आणलेला कुत्रा टेबलावर ठेवताना त्याचं अंग थरथरत होतं, आणि ते थरथरणं तिच्या दंडात शिरलं होतं.

"औषध लावायच्या आधी अंघोळ घातलीत?"

"हो. स्वच्छ असावं म्हणून."

"आणि लावल्यावर चोळलंत?"

"मग जिरायला नको?"

डॉक्टर हसली नाही, रागावलीही नाही. "नाही हो. ते चोळायचं नसतं. कातडीवर तेल असतं ना, त्यातून ते आपलं आपण पसरतं. तुम्ही शाम्पूने ते तेल काढून टाकलंत, आणि वर चोळलंत. पण एकट्या त्यानेच झालं असंही नाही. काही कुत्र्यांना हे औषध मुळातच सोसत नाही. नुसतं लावलं असतं तरी झालं असतं कदाचित."

कदाचित — या शब्दाला धरून ती उभी राहिली. डॉक्टरने हातमोजे चढवले, भांडी घासायचा पातळ साबण घेतला, कोमट पाण्याची धार सोडली, आणि मानेवरून हलक्या हाताने धुवायला लागली. कुत्रा हलला नाही. सकाळपासून तिला जवळ येऊ न देणारा तो प्राणी परक्या हाताखाली गरीब गाईसारखा उभा होता, मेला. तिला त्याचा राग आला, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटली.

"वाचेल ना?"

"बहुतेकांचं एक-दोन दिवसांत उतरतं. थरथर थांबेपर्यंत मी ठेवून घेते इथे, संध्याकाळी या. आणि घरी नेल्यावर मानेला हात लावू नका. खरं म्हणजे दोन दिवस हातच लावू नका. बिचकलाय तो. त्याला यायचं तेव्हा येऊ द्या."

हातच लावू नका... रस्त्याने चालताना, सिग्नलला थांबताना, पार्लरचं काचेचं दार ढकलताना ती तेच मनात घोळवत होती. औषध देऊ नका, खायला देऊ नका, असं सांगतात ते ठीक. हात लावू नका, हे काय सांगणं झालं. मग उरतं काय.

पार्लरमध्ये नवीन गिऱ्हाईक येऊन बसलं होतं, घाईत असलेलं, पर्स मांडीवरच.

"मला आजच रंग लावून हवाय. संध्याकाळी जायचंय एके ठिकाणी."

"आज कानामागे तिळाएवढा लावते," ती म्हणाली. "दोन दिवस बघा. खाज नाही, लाली नाही, तर परवा या आणि डोकं माझ्या हवाली करा."

"अहो, इतकी वर्षं लावतेय मी. मला काही होत नाही."

"होत नाही तोवर होत नाही."

"ताईंपुढे कुणाची मात्रा चालत नाही," गल्ल्यावरून मालकीण म्हणाली, आणि पोरी हसल्या. हे रोजचंच होतं. होत नाही तोवर होत नाही, हे वाक्य तिने आजवर किती जणींना ऐकवलं असेल, अगदी मालकिणीच्या सख्ख्या बहिणीलाही सोडलं नव्हतं. आणि घरच्या मुक्या जिवाच्या कानामागे तिळाएवढा थेंब लावून बघावा, हे काही तिला सुचलं नाही. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान... तिच्या हातातला कापूस कानामागे टेकला तसं गिऱ्हाईक शहारलं, आणि तिचा हात हवेत थांबला.

दुपारभर माना आणि डोकी. बायका येतात, खुर्चीत रेलतात, मान मागे टाकतात, आणि तिची बोटं केसांत शिरली की डोळे मिटून घेतात — घरी कुणाशी न बोललेलं या खुर्चीत बोलतात, एखादी चक्क घोरते. हाताला गुण आहे ताई तुमच्या, असं म्हणतात. आणि तिच्या स्वतःच्या डोक्याला शेवटचा हात कुणाचा लागला होता ते तिला आठवेना. मुलगी येते तेव्हा दारात मिठी मारते, बॅग खांद्यावर ठेवूनच. बाकी संध्याकाळी कुत्रा हनुवटी आणून तिच्या पावलावर ठेवायचा, एवढंच. तेवढं वजन होतं दिवसभरात. त्यासाठी ती टीव्हीसमोर अवघडून, पाय न हलवता बसायची.

बोटांच्या टोकांना बारीक मुंग्या येत होत्या, सकाळपासूनच. काल हातमोजे घातले नव्हते. इथे बिनमोज्यांची पोरगी दिसली तर ती तिला फाडून खाते, पण घरी कोण मोजे घालतं, आपल्याच माणसाला... मुंग्या आल्या, मग चुरचुर, मग पुन्हा मुंग्या. माझ्या बोटांची ही गत, तर त्याच्या मानेचं काय होत असेल.

आणि मग तिला जे आठवायचं नव्हतं तेच आठवलं. शेवटचे दोन महिने नवरा भिंतीकडे तोंड करून पडायचा. ती रोज संध्याकाळी वाटीत तेल कोमट करून त्याच्या डोक्याला लावायची, कारण पहिल्यापासून त्याला ते आवडायचं, कारण तिला दुसरं काही करता येत नव्हतं, कारण गोळ्या नर्स द्यायची आणि पथ्य मुलगी बघायची आणि तिच्या वाट्याला तेवढंच आलं होतं. बोटं लागली की तो डोकं उशीत रुतवायचा. एकदा तर त्याने मनगट धरून तिचा हात बाजूला ठेवला — ढकलला नाही, एखादी वस्तू उचलून ठेवावी तसा ठेवला. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी घेऊन गेली. भेटायला आलेल्यांना मात्र तिने नंतर सांगितलं, शेवटपर्यंत माझा हात धरून होते. इतक्यांदा सांगितलं की मुलगीही आता तसंच सांगते.

माझा हातच वाईट आहे का?

कुत्रा मरेल अशी भीती तिला वाटत नव्हती. ही गोष्ट डोकं धुता धुता तिच्या लक्षात आली, आणि पाणी गिऱ्हाइकाच्या कपाळावर उडालं. मरेल याची नाही. जगेल आणि जवळ येणार नाही, याची भीती वाटत होती. मेलेल्यासाठी लोक दोन शब्द बोलतात, चहा करून देतात. घरातला कुत्रा आपल्याकडे पाठ करून बसतो, हे कुणाला सांगणार, आणि सांगितलं तर कोण काय म्हणणार.

मुलीचा फोन आला तेव्हा ती टॉवेल वाळत घालत होती.

"आता कसा आहे?"

"डॉक्टरकडेच आहे. संध्याकाळी आणायचाय. मीच चोळलं गं. नव्हतं चोळायचं."

"बघ. आई, तू ना सगळंच जरा जास्त करतेस." मग घाईने, "म्हणजे मी चांगल्या अर्थानं म्हणतेय."

"हो गं. कळलं मला." तिने टॉवेलच्या सुरकुत्या हाताने सारख्या केल्या, झालेल्या होत्या तरी पुन्हा केल्या.

संध्याकाळी डॉक्टरने कुत्रा बाहेर आणला. थरथर थांबली होती, थोडं खाल्लंही होतं. त्याने तिला पाहिलं, शेपटी एकदा हलवली, आणि मग तिच्या हाताकडे पाहून तिथेच थांबला.

"रागावलाय माझ्यावर," ती हसत म्हणाली. हसू नीट जमलं नाही.

"राग नाही हो. दुखतंय असं त्याला तोंडाने सांगता येत नाही ना, म्हणून लांब राहतो. एवढंच असतं ते."

घरापर्यंत तो पट्ट्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला चालला. दार उघडल्यावर तिने मानेला बोट लागू न देता पट्टा सोडला. तो स्वयंपाकघर ओलांडून पलीकडच्या भिंतीशी गेला आणि तिच्याकडे तोंड करून बसला. ती दिवा लावून या बाजूला ओट्याला पाठ टेकून खाली बसली. आपले हात आपलं ऐकतील याचा भरवसा नव्हता, म्हणून ते मांडीखाली दाबून ठेवले. मधे फरशीच्या सहा-सात लाद्या. बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, मागे घे, अजून घे, बस.

एवढंच असतं ते. दुखतंय असं सांगता येत नाही, म्हणून लांब राहतो... मुकं जनावर, त्याला काय बोल लावणार. त्याची कातडी जळत होती, आणि जो हात पुढे येत होता तो जाळणाराच होता. तिने मान हलवली. पटलं तिला. नवऱ्याला चालू होती त्या औषधांनीही कातडी हुळहुळी होते, वाऱ्यानेसुद्धा दुखते, असं नर्स सगळं आटोपल्यावर कधीतरी बोलली होती; तिने ऐकून सोडून दिलं होतं, आता ऐकून काय उपयोग म्हणून. म्हणजे डोकं दुखत असणार. केसांची मुळं दुखत असणार, आणि ही आपली रोज वाटी घेऊन हजर. म्हणजे हाताचा कंटाळा नव्हता आला त्याला. दुखत होतं. एवढंच. तिला रडू यायला हवं होतं. तिने वाट पाहिली, पण रडू आलं नाही, दुसरंच काहीतरी आलं, पोटातून वर, गरम.

"अहो," ती मोठ्याने म्हणाली.

नवऱ्याला हाक मारायचा हा शब्द या घरात कधीपासून कुणी उच्चारला नव्हता. कुत्र्याचे कान उभे राहिले.

"अहो, त्याला नाही बोलता येत. तुम्हाला तर तोंड होतं ना?"

पेपर आला का, विचारायला होतं. खिडकी लाव म्हणायला होतं. नर्सला थँक्यू म्हणायला होतं. नको लावूस, दुखतंय — एवढं बोलायला काय झालं होतं? माझं मन मोडू नये म्हणून? की मी ऐकलंच नसतं म्हणून? बरं, नसतं ऐकलं, पण एकदा म्हणून तर बघायचं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात, आणि मी इतकी वर्षं या दोन हातांना घेऊन हिंडतेय, चोराला घेऊन हिंडावं तशी...

तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. नवरा गेल्यापासून ती रडली होती, फोटो पुसला होता, माणूस लाख मोलाचं होतं असं चार लोकांत सांगितलं होतं. रागावली एकदाही नव्हती. गेलेल्या माणसावर कुणी रागावत नाही, आणि न रागावता तो हळूहळू किती लांब गेला होता हे तिला आत्ता कळत होतं, कारण आत्ता तो या स्वयंपाकघरात होता, कुठेतरी खुर्चीत, वरमलेला, घसा साफ करत.

कुत्रा जागचा हलला नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. येईल, न येईल. परवा येईल, कदाचित कधीच पूर्वीसारखा येणार नाही. ती त्याची वाट बघत नव्हती. तिला अजून बरंच बोलायचं होतं, अगदी पहिल्यापासूनचं, आणि तिने मांडीखालून हात काढून घेतले, कारण भांडायला हात मोकळे लागतात.