फ्रँकफर्ट ते सांताक्रूझ: एका पृथ्वीगोलाची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. १९६२ साली पुण्यात कागदाचा लगदा थापून मला घडवलं आणि पिंपरीच्या एका शाळेत आणलं. प्रभाकर गुरुजी मेणबत्तीसमोर मला फिरवून दिवस-रात्र शिकवत. मुलं गप्प बसून बघत. तेव्हा माझा तोरा काही विचारू नका.

पुढे भिंतीवर नवे नकाशे आले आणि मी कपाटावर गेलो. धूळ साचली, आस गंजला. गोल असून मी फिरेनासा झालो.

१९७५ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी गुरुजींनी मला घाईघाईनं खाली काढलं आणि चाळीत नेलं. कंपनीतले जुने कामगार धोंडीबा त्या सकाळी वारले होते. त्यांचा एकुलता मुलगा भिवा, गुरुजींचाच विद्यार्थी, नवीन मशीन शिकायला कंपनीतर्फे जर्मनीत होता. त्याचा निरोप कंपनीच्या टेलेक्सवर आला होता: आज दुपारी दोनला फ्रँकफर्टहून निघतो, थांबा.

सरूबाई, भिवाची आई, एवढंच म्हणत होती, "त्यो येईस्तवर हलवायचं न्हाई. बापाचं तोंड बगू द्या त्याला."

गुरुजींनी माझ्या पाठीवर दोरा ताणला. फ्रँकफर्ट ते मुंबईचा सांताक्रूझ विमानतळ, साडेसहा हजार किलोमीटर. विमानाला आठ तास.

"म्हंजी यक शिफ्ट," धोंडीबांचा भाऊ खंडू म्हणाला. "दोनच्या भोंग्याला निघाला, दहाला मुंबईत. घाट चढून पाटं तीनला दारात."

गुरुजींनी मान डोलावली. आमच्या पिंपरीत सगळे कंपनीच्या भोंग्यावर उठतात, जेवतात, झोपतात. दोन म्हणजे दोन. जर्मनीचे दोन निराळे असतील, हे कुणाच्याच मनात आलं नाही.

मित्रांनो, तेव्हा पाच वाजले होते. जर्मनीत साडेबारा. भिवाचं विमान अजून जमिनीवरच होतं. मला ते ठाऊक होतं, पण मी कुणाला सांगणार? गुरुजींनी सवयीनं मला फिरवायला हात लावला. फिरलो असतो तर त्यांना ती मेणबत्ती नक्की आठवली असती. आस हलला नाही. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण गंजापुढे माझं काय चालणार!

तीन वाजून गेले. उजाडलं. धोंडीबांभोवती रचलेला बर्फ वितळला, ऊन वाढू लागलं.

"वैनी, इमान चुकलं आसंल त्याचं," खंडू म्हणाला. "आता ठिवता येत न्हाई."

सरूबाईनं दाराची चौकट धरली. "थोडं थांबा," ती म्हणाली. दोनदा म्हणाली. सात वाजता धोंडीबांना नेलं.

साडेआठला टॅक्सी थांबली. भिवा उतरला. अंगणात बायका होत्या आणि मोकळी जागा. त्याला काही सांगावं लागलं नाही. तो आईजवळ खाली बसला.

स्मशानातून परतलेले गुरुजी त्याच्या पाठीवर हात ठेवायला वाकले आणि त्याच्या मनगटाकडे बघतच राहिले.

"किती वाजलेत रे तुझ्या घड्याळात?"

"चार, गुरुजी. हितली येळ लावायचं सुचलंच न्हाई."

गुरुजी माझ्याशेजारी जमिनीवर बसले. चूक त्यांची होती, आणि माझीही. पण सरूबाईला ते सांगायला दोघांनाही तोंड नव्हतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण दूरच्या कुणाची वाट बघत असाल, तर त्याच्या गावी किती वाजले ते आधी विचारा. आणि एखादी आई थांबा म्हणाली, तर थांबा.